लोअरिंग स्प्रिंगसोबत शॉक ॲब्झॉर्बर कोणते घ्यावेत: जुनेच, नवे मूळ मापाचे की आखूड?

मंदगती (प्रश्नकर्ता):

नमस्कार. माझी गाडी पाच दारांची साधी हॅचबॅक असून पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या जुळणीत) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) अशी तिची रचना आहे. ती सुमारे ८०,००० किलोमीटर धावली आहे आणि चारही शॉक ॲब्झॉर्बर कारखान्यात बसवलेले तेच आहेत. त्यांतून तेल गळत नाही. मात्र गतिरोधकावरून उतरल्यावर गाडीचा पुढचा भाग पूर्वीपेक्षा अधिक वेळ वरखाली होत राहतो, असे मला वाटते. गाडी थोडी खाली बसावी आणि वळणावर कमी झुकावी, या हेतूने मी लोअरिंग स्प्रिंगचा संच घेतला आहे. खोक्यावर पुढे ३५ मिमी आणि मागे ३० मिमी असे लिहिले असून, सोबतच्या माहितीपत्रकात "मूळ शॉक ॲब्झॉर्बरसह वापरता येतात" असे एक वाक्य आहे. पुढचा बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबण्याआधी त्याला अडवणारा मऊ तुकडा) २० मिमी कापावा, अशीही सूचना त्यात आहे.

स्प्रिंग बसवण्यापूर्वी ज्यांना विचारले त्यांच्याकडून तीन मते मिळाली. एकाच्या मते शॉक गळत नसतील तर ते बदलण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की स्प्रिंग जितकी कडक, तितकाच शॉकही कडक हवा. स्प्रिंग ३० टक्के कडक असेल तर शॉकचे बळही ३० टक्के वाढलेले पाहिजे. तिसरा म्हणतो की आखूड शॉकच घ्या, कारण मूळ लांबीच्या शॉकमध्ये पिस्टन चुकीच्या जागी काम करतो आणि शॉक लवकरच निकामी होतो. गाडी रोजच्या वापराची आहे, शर्यतीच्या ट्रॅकवर ती कधीच जाणार नाही आणि मागे अधूनमधून दोन माणसे व सामान असते. यांतले काय ग्राह्य धरावे, आणि मुख्य म्हणजे का, हे जाणून घ्यायचे आहे.

चौथा गिअर:

तिन्ही मतांत थोडेथोडे तथ्य आहे, परंतु तिन्ही अपुरी आहेत. शॉक निवडताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: तो किती बळाने हालचाल रोखतो, आणि त्याची लांबी व स्ट्रोक, म्हणजे दांड्याला आतबाहेर सरकायला मिळणारे अंतर, किती आहे. लोक बहुधा पहिल्या गोष्टीवर वाद घालतात. खाली बसवलेल्या गाडीला मात्र त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसरीमुळे. नमुन्यादाखल काही आकडे घेऊन दाखवतो. ते आपल्या गाडीचे नव्हेत, पण या वर्गातील गाड्यांच्या जवळपासचे आहेत.

समजा पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने तोललेले वस्तुमान ३२० किलो आहे आणि मूळ स्प्रिंगचा चाकापाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी आहे. अशा गाडीची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.२६ हर्ट्झ येते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली, म्हणजे २६ न्यूटन प्रति मिमीची घेतली, की ती १.४३ हर्ट्झच्या आसपास जाते. आता डॅम्पिंगची, म्हणजे आंदोलने शमवण्याची, गरज ही कडकपणाच्या नव्हे, तर कडकपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ३० टक्के कडक स्प्रिंगला शॉकचे बळ ३० टक्के नव्हे, तर साधारण १४ टक्के जास्त लागते. आपल्याला मिळालेले दुसरे मत इथे फसते. शॉक मुळीच बदलला नाही आणि तो नव्यासारखा असला, तर मूळचे ०.३० हे डॅम्पिंग गुणोत्तर (ते १ असेल तर गाडी मुळीच झुलत नाही) उतरून ०.२६ होते. याचा अर्थ असा, की एका धक्क्यानंतरच्या पहिल्या पूर्ण आंदोलनाअखेर पूर्वी जी १४ टक्के उसळी शिल्लक राहत होती, ती आता १८ टक्के राहील. हा फरक बारकाईने पाहणाऱ्यालाच कळेल.

पण तोच शॉक झिजून त्याचे बळ निम्म्यावर आले असेल, तर नव्या स्प्रिंगसह गुणोत्तर ०.१३ पर्यंत घसरते आणि एका आंदोलनानंतर ४४ टक्के उसळी शिल्लक राहते. अशी गाडी महामार्गावर नावेसारखी झुलते. आपण वर्णन केलेले पुढच्या भागाचे वरखाली होणे लक्षात घेता, "गळत नाही म्हणजे चांगला आहे" हे पहिले मत मी स्वीकारणार नाही. आतल्या झडपा आणि पिस्टनचे सील झिजले तरी बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. शिवाय ही झीज हळूहळू होत असल्याने चालकाला तिची सवय होते. नव्या स्प्रिंगमुळे ती एकदम उघडी पडते आणि दोष मात्र स्प्रिंगला लागतो.

आता लांबीकडे वळू. मूळ स्प्रिंग ३२० किलोच्या भाराखाली १५७ मिमी दबलेली असते, तर २६ची स्प्रिंग तेवढ्याच भाराखाली १२१ मिमीच दबेल. म्हणजे नवी स्प्रिंग मूळ लांबीचीच ठेवली असती तर गाडी ३६ मिमी वर आली असती. ती ३५ मिमी खाली आणायची, तर स्प्रिंगची मोकळी लांबी तब्बल ७१ मिमीने कमी असायला हवी. चाक हवेत लटकेल तेव्हा काय होईल, ते पाहा. मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून चाक आणखी ९० मिमी खाली लटकू शकत असेल, तर त्या टोकालाही मूळ स्प्रिंग ६७ मिमी दबलेली, म्हणजे आपल्या बैठकीत घट्ट धरलेली असते. नव्या स्थितीतून लटकण्याचे अंतर ९० अधिक ३५ म्हणजे १२५ मिमी होते आणि स्प्रिंगचा दाब तर १२१ मिमीचाच आहे. म्हणजे शेवटचे ४ मिमी ती मोकळीच राहते. मोकळी स्प्रिंग बैठकीतून सरकते, खडखडते आणि चाक पुन्हा टेकताना वेडीवाकडी बसू शकते.

स्प्रिंग बनवणारे यावर उपाय म्हणून एका टोकाला जवळजवळ गुंडाळलेले मऊ वेढे ठेवतात. गाडीच्या वजनाखाली ते एकमेकांना टेकून निष्क्रिय होतात, आणि चाक लटकले की उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. "मूळ शॉक ॲब्झॉर्बरसह वापरता येतात" या वाक्यातून आपण एवढेच समजावे, की मूळ लांबीच्या शॉकवर ही स्प्रिंग मोकळी होणार नाही. आपले ८०,००० किलोमीटर चाललेले शॉक अजून काम देतील, असे आश्वासन त्यात नाही.

पाना १९:

वरील विवेचन योग्य आहे. मी त्यात बंप स्टॉपची बाजू जोडतो, कारण प्रत्यक्ष तक्रारी येतात त्या तिथल्याच असतात.

वरच्याच नमुन्यात मूळ गाडी उभी असताना शॉकचे वरचे टोक आणि बंप स्टॉप यांच्यात ६० मिमी मोकळी जागा आहे, असे धरा. मूळ स्प्रिंगला ती जागा संपवायला उभ्या भाराच्या वर १,२०० न्यूटन लागतात. गाडी ३५ मिमी खाली आली की जागा २५ मिमी उरते आणि नव्या कडक स्प्रिंगसहही ती केवळ ६५० न्यूटनमध्ये संपते. म्हणजे स्प्रिंग कडक करूनही गाडी पूर्वीपेक्षा जवळपास निम्म्या धक्क्यात बंप स्टॉपवर येते. तो धक्का पुरता १,२०० न्यूटनवर न्यायचा, तर स्प्रिंग ४८ न्यूटन प्रति मिमीची हवी, आणि तशी स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी बसवणार नाही. माहितीपत्रकात २० मिमी कापायला सांगितले आहे ते यासाठीच: मोकळी जागा ४५ मिमी होते आणि २६च्या स्प्रिंगला ती संपवायला ११७० न्यूटन लागतात, म्हणजे हिशेब मूळच्या जवळ येतो.

बंप स्टॉप हा केवळ शेवटी अडवणारा रबराचा तुकडा आहे, अशी समजूत सर्रास आढळते. आजच्या बहुतेक गाड्यांत तो फोमसारख्या पॉलियुरेथेनचा असतो आणि निमुळत्या टोकापासून जाड भागाकडे दबत जाताना हळूहळू कडक होणाऱ्या दुसऱ्या स्प्रिंगचे काम करतो. म्हणून तो मुळीच काढून टाकू नये, आणि पत्रकात सांगितले असेल तेवढाच, सांगितलेल्या टोकाकडूनच कापावा. सामान्यतः निमुळते टोक राखून जाड बाजूचे कडे कमी केले जाते, कारण हळुवार सुरुवात त्या टोकामुळे मिळते. कापल्याने तो पूर्ण दबल्यावरची त्याची उंचीही थोडी घटते, त्यामुळे पिस्टनचा दांडा सिलिंडरमध्ये पूर्वीपेक्षा काही मिलिमीटर अधिक खोल जातो. दुहेरी नळीच्या शॉकमध्ये तळाशी एक झडप असते. बंप स्टॉप मनमानीने कापला तर पिस्टन त्या झडपेवर आपटतो, आणि मग नवा शॉकही टिकत नाही.

तिसऱ्या मतातले "पिस्टन चुकीच्या जागी काम करतो" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. साध्या शॉकचे बळ पिस्टनच्या वेगावर अवलंबून असते, तो सिलिंडरमध्ये कोणत्या उंचीवर आहे यावर नव्हे. याला एक अपवाद आहे. काही शॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतीवर मधल्या भागात बारीक खाचा ठेवलेल्या असतात, म्हणजे नेहमीच्या उंचीवर तेलाला बाजूने वाट मिळून गाडी मऊ चालते. गाडी ३०-३५ मिमी खाली आली की पिस्टन त्या पट्ट्याच्या कडेला किंवा बाहेर जातो आणि शॉक अकारण कडक लागू लागतो. आपले मूळ शॉक तसे असतील तर त्या प्रकारचेच नवे घेऊ नयेत. इतर सर्व शॉकसाठी प्रश्न उरतो तो पुरेसा स्ट्रोक शिल्लक आहे की नाही, एवढाच.

आखूड शॉकचे खरे काम हेच आहे. त्याची नळी आणि दांडा दोन्ही आखूड असल्याने चाकाचे लटकणे आधी थांबते, त्यामुळे स्प्रिंग घट्ट राहते. आणि दबण्याच्या बाजूला स्ट्रोक परत मिळतो. वरच्या उदाहरणात लटकणे ३० मिमीने कमी केले, तर शेवटच्या टोकालाही स्प्रिंग २६ मिमी दबलेली राहते. बिल्स्टीनची बी ६ आणि बी ८ ही जोडी या फरकाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे: बी ६ मूळ लांबीचा, तर बी ८ लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. बी ८ लावल्याने गाडी स्वतःहून खाली येत नाही, हेही इथे नोंदवतो, कारण आखूड शॉक म्हणजे खाली बसणारी गाडी असा गैरसमज आहे. उंची स्प्रिंग आणि तिची बैठक ठरवतात.

सर्वसाधारण नियम असा सांगता येईल, की ३० मिमीच्या आत मूळ लांबीचे नवे शॉक बहुधा निभावून नेतात, ४० मिमीच्या पुढे आखूड शॉकशिवाय जाऊ नये, आणि मधल्या पट्ट्यात गाडी पाहून ठरवावे. आपली गाडी नेमकी त्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून मी आखूड शॉककडे झुकेन.

शांत धुरा:

माझा निष्कर्ष थोडा वेगळा आहे. बाजारात जे आखूड शॉक मिळतात ते बहुतांशी स्पोर्ट श्रेणीतले असतात. लांबीसोबत त्यांचे बळही बरेच वाढलेले असते. चौथा गिअर यांच्याच हिशेबाप्रमाणे आपली गरज १४ टक्के वाढीची आहे, आणि लांबीचा प्रश्न सोडवण्याच्या नादात त्याहून पुष्कळ अधिक डॅम्पिंग पदरात पडू शकते. याचा परिणाम केवळ कडक बसणे एवढाच नाही.

शॉक दबताना आणि ताणताना सारखेच बळ लावत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत ताणण्याच्या बाजूचे, म्हणजे रिबाउंडचे बळ दबण्याच्या बाजूपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट ठेवतात, कारण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा आवरण्याचे काम रिबाउंडकडे असते. कडक स्प्रिंगला वाढीव डॅम्पिंग हवे असते तेही मुख्यतः इथेच. परंतु रिबाउंड गरजेपेक्षा फार वाढवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण उतरण्याआधीच पुढचा धक्का येतो, गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी खाली ओढली जाते आणि अखेर बंप स्टॉपवर चालू लागते. आधीच ३५ मिमी खाली असलेल्या गाडीला हे मुळीच परवडणारे नाही. मालक म्हणतो स्प्रिंग फार कडक आहे, आणि प्रत्यक्षात स्प्रिंगला काम करायला जागाच उरलेली नसते.

वेगाचाही विचार करावा. गाडीचा सांगाडा २० मिमीने आणि १.४ हर्ट्झने हलतो तेव्हा शॉकचा कमाल वेग ०.१८ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. चाक १० मिमीने आणि १२ हर्ट्झने थरथरते तेव्हा तो ०.७५ पर्यंत जातो. कडक स्प्रिंगमुळे पहिल्या पट्ट्यातील बळ थोडे वाढवण्याची गरज निर्माण होते; दुसऱ्या पट्ट्यात चाकाचे वस्तुमान आणि टायर पूर्वीचेच असल्याने फारशी गरज नसते. चांगला शॉक तो, जो पहिल्या पट्ट्यात घट्ट आणि दुसऱ्यात सौम्य राहतो. विक्रेत्याकडे बळ आणि वेग यांचा आलेख मिळाला तर हे ताडून पाहता येते. "कडक" किंवा "स्पोर्ट" या विशेषणांवरून काहीही कळत नाही.

आता मागच्या बाजूविषयी, जिच्याकडे वरच्या दोन्ही उत्तरांत दुर्लक्ष झाले आहे. टॉर्शन बीममध्ये स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी असतात. स्प्रिंग चाकापासून आत असल्याने, चाक १० मिमी हलले की ती समजा ७ मिमीच दबते. अशा वेळी चाकापाशी जाणवणारा कडकपणा ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ पट होतो. पुढची आणि मागची स्प्रिंग यांच्या खोक्यावरील आकड्यांची थेट तुलना म्हणूनच निरर्थक असते. मागे भार पडतो तेव्हा काय होते, हेही पाहा. रिकाम्या गाडीत मागच्या एका चाकावर २५० किलो असतील आणि माणसे व सामान यांमुळे ८० किलो वाढले, तर चाकापाशी २७ न्यूटन प्रति मिमी कडकपणा असताना गाडीची मागची बाजू आणखी २९ मिमी दबते. ३० मिमी आधीच खाली आणलेल्या गाडीत याचा अर्थ बंप स्टॉपशी जवळजवळ कायमची गाठ. डॅम्पिंग गुणोत्तरही निव्वळ या भारामुळे ०.३० वरून ०.२६ वर येते.

या शेवटच्या आकड्यावरून एक गोष्ट लक्षात यावी. मूळ शॉक बनवणाऱ्याने भरलेल्या गाडीतील ही घट गृहीत धरूनच शॉक तयार केलेला असतो. त्यामुळे मध्यम कडक स्प्रिंगसह नवा, मूळ दर्जाचा शॉक रिकाम्या गाडीत अगदी अपुरा पडेल, असे मला वाटत नाही. कडक स्प्रिंग आणि पूर्ण भार या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुणोत्तर ०.२३ पर्यंत उतरते. तिथे थोडी वाढ हवीहवीशी वाटते. माझ्या मते आपल्यासाठी मागे सौम्य स्पोर्ट प्रकारचा, मूळ लांबीचा शॉक पुरेल आणि पुढे आखूड स्ट्रट घ्यावा, मात्र दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच संचातले असतील तर अधिक बरे.

मंदगती:

तिघांचेही आभार. आता काही उपप्रश्न. माझ्या स्प्रिंगवर "प्रोग्रेसिव्ह" असे लिहिले आहे आणि कडकपणाचा आकडा कुठेच दिलेला नाही. मग १४ टक्क्यांचा हिशेब लावायचा कसा? बळ कमीअधिक करता येणारे शॉक घेतले तर ही चिंता मिटेल का? आणि झीज पुढे अधिक जाणवते म्हणून सध्या फक्त पुढचे शॉक बदलले तर चालेल का?

चौथा गिअर:

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगबाबत आधी हे पाहावे, की गाडी जमिनीवर उभी असताना जवळजवळचे वेढे एकमेकांना टेकलेले आहेत का. ते पूर्ण टेकलेले असतील तर चालताना ती स्प्रिंग बहुतांशी सरळ, एकाच कडकपणाची असते आणि "प्रोग्रेसिव्ह" हा शब्द फक्त लटकलेल्या स्थितीपुरता खरा असतो. ते अर्धवट टेकलेले असतील तर कडकपणा दबण्यासोबत वाढत जातो. अशा वेळी शॉक उभ्या उंचीच्या आसपासच्या कडकपणासाठी निवडावा, कारण गाडीचा बहुतेक वेळ तिथेच जातो.

आकडा नसला तरी अंदाज काढता येतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या समप्रमाणात आणि वेढ्याच्या व्यासाचा घन व सक्रिय वेढ्यांची संख्या यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. वेढ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून तार १२ मिमीऐवजी १२.८ मिमी झाली, तरी कडकपणा २९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून कॅलिपरने दोन्ही स्प्रिंगच्या तारा मोजा, रंगाच्या थराची जाडी वजा करा आणि सक्रिय वेढे मोजा. यावरून हेही कळते, की मूळ स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली आणण्याचा मार्ग का टाळावा: सहा सक्रिय वेढ्यांचे पाच केले तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो खरा, पण कापलेले टोक बैठकीत बसत नाही आणि लटकलेल्या स्थितीत स्प्रिंगला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

बळ बदलता येणाऱ्या शॉकचा उपयोग आहे, पण तो कशाचे बळ बदलतो हे विचारून घ्या. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये, उदाहरणार्थ, फक्त रिबाउंड बदलतो, आणि स्प्रिंगशी जुळवण्यासाठी तेच सर्वांत उपयोगी आहे. सुरुवात सर्वांत सौम्य स्थितीपासून करावी आणि एका धक्क्यानंतर गाडी एका उसळीत शांत होईपर्यंतच वाढवावे. मात्र लांबीची अडचण कोणत्याही स्क्रूने सुटत नाही. मूळ लांबीचा शॉक कितीही फिरवला तरी त्याचा स्ट्रोक तेवढाच राहतो. वळणावर झुकण्याबाबतही गैरसमज नको. शॉकमुळे गाडी किती वेगाने झुकते ते बदलते, लांब वळणावर शेवटी किती झुकते ते नव्हे. ते स्प्रिंग आणि अँटी रोल बार (डावे-उजवे चाक जोडून झुकणे रोखणारा दांडा) ठरवतात. त्यातही मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आणली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते, म्हणून कडक स्प्रिंगचा काही लाभ तिथेच खर्ची पडतो.

फक्त पुढचे शॉक बदलण्याची शिफारस मी करणार नाही. मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करताना दाखवून दिले, की मागच्या बाजूची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर उंचवट्यानंतर गाडी पुढे-मागे डोलत नाही, कारण उशिरा धक्का लागलेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते. आपल्या संचात पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग हे गणित धरून बनवलेल्या असाव्यात. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले शॉक ठेवले तर त्या जुळणीचा काही उपयोग राहत नाही.

पाना १९:

शांत धुरा यांनी मागे मूळ लांबीचा शॉक सुचवला आहे, त्याला माझी हरकत नाही. फक्त गाडी उचलून, चाके पूर्ण लटकवून, मागची स्प्रिंग हाताने हलते का ते बसवल्यावर लगेच पाहावे. हलली तर वाद मिटला, आखूड शॉकच हवा. तसेच जुन्या दुहेरी नळीच्या जागी एका नळीचा उच्च दाबाचा शॉक लावला, तर मागची बाजू सांगितल्यापेक्षा काही मिलिमीटर वर राहील. ११ मिमी जाडीच्या दांड्यावर २५ बारचा गॅस सुमारे २४० न्यूटनने बाहेर ढकलत असतो. मूळ शॉकमधील कमी दाबाच्या गॅसचे बळ वजा केले, तरी २७च्या स्प्रिंगवर हा फरक ६-७ मिमी भरतो. स्प्रिंग सदोष आहे असे समजून ती परत करायला जाऊ नये.

स्ट्रट उघडले की टॉप माउंट (स्ट्रटचे वरचे टोक गाडीला जोडणारा भाग), त्याचे बेअरिंग आणि डस्ट बूट (दांड्यावरचे धूळरोधक आवरण) नवे घालावेत. तेच काम पुन्हा करण्याची मजुरी या सुट्या भागांपेक्षा जड पडते. स्प्रिंग आवळताना दर्जेदार कॉम्प्रेसरच वापरावा आणि दांड्याचे वरचे नट इम्पॅक्ट गनने फिरवू नये, कारण दांडा गरगर फिरल्याने आतले सील आणि पिस्टनचे नट दोन्ही धोक्यात येतात. चाकाला धरणाऱ्या कंट्रोल आर्मचे आणि बीमचे रबरी बुश असलेले बोल्ट चाके लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळले, तर गाडी खाली उतरताच बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच त्यांचा अंतिम टॉर्क द्यावा.

बसवण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी लिहून ठेवा, आणि स्प्रिंग थोडी चालून बसली की पुन्हा मोजा. अलाइनमेंट त्यानंतर करून घ्यावी. पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) ऋण बाजूला, म्हणजे वरून आत, गेलेला आणि टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेपणा) बदललेला असणारच, आणि टायर आतल्या कडेने खाण्याचे काम टोची चूक कॅम्बरपेक्षा जास्त करते. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा. पुढच्या स्ट्रटच्या दांड्यावर डस्ट बूटच्या आत, बंप स्टॉपच्या खाली, एक प्लॅस्टिकची बारीक टाय, ढकलल्यास सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट, बांधून गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या भारासह चालवा. ती टाय नळीच्या तोंडाकडून किती वर ढकलली गेली आहे, हे बूट उचलून पाहिले की स्ट्रोक किती वापरला गेला आणि बंप स्टॉप किती दबला, हे मोजता येते; आणि कापायचे २० मिमी पुरेसे होते की नाही, याचे उत्तर तिथे मिळते.